फटीतला सूर

रविवार, ४ मार्च

सगळ्यात आधी टपकले ते शिंपीभाऊ, आणि तेही ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. मी अजून केस विंचरत होते. दार उघडलं तर हे इस्त्रीचा कोट घालून उभे, आणि काखेत अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं. म्हटलं, "अहो, वाजवायला आलात की लग्नाला?" तर म्हणतात, "ताई, दुकानात हातच चालेना. एका विजारीला दोन्ही पाय डावेच लावले. म्हटलं त्यापेक्षा येऊन बसावं." मग बसले आणि माझी बिस्किटं संपवली. अंगाने काडी, पण बिस्किटांच्या बाबतीत भीम. मुलगा जहाजावर असतो, त्याच्यासाठी जपून ठेवलेली होती ती. असो.

मग डोळे चोळत भिंगरी बाहेर आली. भिंगरी म्हणजे माझी नात. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून लहानपणी मीच हे नाव पाडलं, आता एवढी घोडी झाली तरी चिकटलंय. आणि सूनबाई कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर गेली ती दुपारपर्यंत खाली आलीच नाही. तिला हे गाण्याचं खूळ पसंत नाही. "आई, शिकून झालं, आता नोकरी नको का बघायला? खोलीत गाणी भरून कोणाचं पोट भरलंय?" असं मला ऐकवते. पोरीला ऐकवायची टाप नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे सासूला बोले नातीला लागे.

हे लिहितेय कशाला, तर उजव्या हाताची बोटं आखडतात म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहा. रोज काय लिहायचं, दूध उतू गेलं? पण आज लिहायला आहे. आज आनंद पोटात मावत नाही.

झालं असं. कोटाच्या बाह्या आखूड करायला शिंपीभाऊंकडे गेले होते. दुकानात कोणी नव्हतं, पडद्याआड काहीतरी वाजत होतं. आणि त्यात माझा सूर आला! माझा म्हणजे कसा सांगू? आई मला निजवताना एक अंगाई म्हणायची. त्यात एका जागी आवाज असा अर्धवट खाली उतरायचा, जिना उतरताना पाय अधांतरी राहतो ना, तसा. मी तिसरीत ती शाळेत म्हटली, तर गाण्याच्या बाईंनी पेटीच्या सगळ्या पट्ट्या दाबून दाखवल्या. "कुठे आहे सांग तुझा सूर? पेटीत नाही म्हणजे तो नाहीच. बेसूर आहेस. तू नुसते ओठ हलव." चौथीत शाळा सुटली, पण ओठ हलवण्याची सवय काही सुटली नाही. मुलाला आणि भिंगरीला निजवलं त्याच अंगाईने, पण दार लावून.

तर तो सूर शिंप्याच्या दुकानात! मी तिथेच उभी राहून अंगाई म्हणायला लागले. शिंपीभाऊ बाहेर आले, गळ्यात मापपट्टी, हातात ते वाद्य. सेतार म्हणतात त्याला, भोपळ्याएवढं पोट, काठीसारखी मान, चार तारा. तर्जनीच्या नखाने वाजवतात. शिंप्याचा धंदा करूनही त्यांनी ते एक नख वाढवलंय, कापडाला घडी मारायलाही वापरतात म्हणे. मला म्हणाले, "ताई, हा सूर तुम्हाला कोणी दिला?" ते लहानपणी इराणातून आलेले. त्यांच्याकडे सुरांची घराणी असतात, माझी अंगाई ज्या घरात बसते त्याचं नाव सेगाह. आणि तो अधांतरी सूर, त्यालासुद्धा नाव आहे! कोरोन. म्हणजे पट्टीवरचा सूर घ्यायचा, जरासा खाली बसवायचा, पण पुढच्या पट्टीवर टेकू द्यायचा नाही.

या वयात मला कळलं की मी बेसूर नाही. मी फक्त फटीतली आहे.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं, तर ती खुर्चीवरून उडालीच. म्हणे, "आजी, पेटीत नसेल, माझ्याकडे आहे!" तिच्या कॉम्प्युटरात गाण्याचा कारखाना आहे. दोन पट्ट्यांमधल्या जागेचे ती शंभर भाग करते आणि पाहिजे तिथे सूर नेऊन ठेवते. तेव्हापासून तिचं ठरलं, माझी अंगाई आणि शिंपीभाऊंची सेतार घेऊन एक गाणं बांधायचं.

शिंपीभाऊ आधी नाहीच म्हणत होते. पूर्वी एका वाद्यवृंदवाल्याने त्यांना बोलावलं आणि पियानोशी जुळत नाही म्हणून त्यांचे सूर सरळ करायला लावले, तेव्हापासून बाहेर वाजवणं बंद. आज बिस्किटं संपल्यावर म्हणाले, "वाजवतो. पण सूर जिथे आहे तिथेच राहील. हा शब्द मला मुलीकडून नको. पोरांचा शब्द म्हणजे चहाची वाफ. ताई, तुम्ही द्या."

मी त्यांच्या हातावर हात मारून दिला. भिंगरी हसली, म्हणाली, "आजी, आता तू माझी जामीन."

मंगळवार, ६ मार्च

वाजवणं अर्धं झालं म्हणून शिंपीभाऊ सेतार इथेच ठेवून गेलेत. आज मी बैठकीची खोली झाडली, म्हटलं तिलाही पुसावं. बघते तर काय, मानेवर आतड्याच्या दोऱ्याचे वेढे बांधलेले असतात, त्यांना पडदे म्हणतात, त्यावर बोट दाबून वाजवायचं. तर ते पडदे कसेही! दोन एकमेकांना चिकटलेले, मग मोठी जागा, मग पुन्हा दोन जवळजवळ. शिकाऊ पोराची टीप बरी. शिंपी माणूस, आणि स्वतःच्या वस्तूकडे बघायला वेळ नाही. लोहाराच्या घरी विळा बोथट तो हा असा.

मापपट्टी घेतली आणि सगळे पडदे हलक्या हाताने सरकवून सारख्या अंतरावर लावून दिले. आखडलेल्या बोटांनी, बरं का. काय सुरेख दिसायला लागली! उद्या बघून खूश होतील.

बुधवार, ७ मार्च

अरे देवा.

शिंपीभाऊंनी मांडीवर घेतली, नख मारलं, आणि चेहरा असा झाला की मी पाण्याचा ग्लास आणायला धावले. पुन्हा नख मारलं. मग मानेकडे बघितलं. मग माझ्याकडे. भिंगरी तोंडावर हात घेऊन कोपऱ्यात.

"ताई, हे तुम्ही केलं?"

"वाकडे होते हो. सारखे केले."

आधी त्यांचे कान लाल झाले. आणि मग माणूस जो हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "आता ही वाजत नाही, कुरकुरते. जुन्या खाटेसारखी." मी म्हटलं, "माफ करा, मला अक्कल नाही." तर म्हणाले, "न कळता केलं त्याला गुन्हा म्हणत नाहीत, ताई. त्याला काम वाढवणं म्हणतात."

मग सगळी संध्याकाळ एकेक पडदा कानाने परत बसवत राहिले. सुई ओवावी तसं. एक पडदा केसभर वर, केसभर खाली, आणि मला म्हणायचे, "ताई, म्हणा अंगाई, तुमच्या गळ्यावरून लावतो." माझ्या गळ्यावरून! भिंगरी बाजूला बसून कॉम्प्युटरात आकडे लिहीत होती. हा पडदा एवढे भाग खाली, तो एवढे. शेवटी तिच्या कारखान्यातली सेतार, खरी सेतार आणि मी, तिघी एका जागी उतरलो. सूनबाई भांडी घासता घासता थांबली. नळ बंद केला होता, मी बघितलं.

शनिवार, १० मार्च

आज मी कपाटात गायले. खरंच. भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून भिंगरीने मला हिवाळ्याच्या कोटांच्या कपाटात स्टूलवर बसवलं, पुढे माइक, मागे रजया. म्हटलं, "अगं, कसर लागेल मला." डांबराच्या गोळ्यांनी दोनदा शिंक आली, ती पण रेकॉर्ड झाली.

मग बाहेर काढून तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा आवाज दाखवला. मला वाटायचं आवाज म्हणजे नुसता आवाज. पण तो दिसतो! हिरवी रेघ, ओढ्यासारखी वळत जाणारी, आणि त्या जागी हळूच खाली लवलेली. भिंगरीने तिथे बोट ठेवलं. "हा बघ आजी, तुझा सूर. या रेघेला मी हात नाही लावणार, आईशप्पथ."

पूर्ण गाणं शिंपीभाऊंना ऐकवलं. ते उठले, कोटाची बटणं लावली, आणि भिंगरीला मोठ्या माणसाशी बोलतात तसं म्हणाले, "आपण छान काम केलंत." पोर लाजून पाणी पाणी.

सूनबाईला पण ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण मध्ये मध्ये चुकल्यासारखं वाटतं नाही?" भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. गाढवाला गुळाची चव काय. हे मी फक्त इथे लिहितेय.

गुरुवार, १५ मार्च

आज पाहुणे. आधी जिन्यातून वर आला तो चष्मा, केवढा मोठा, आणि त्याच्यामागून बाई. जाहिरातींना संगीत पुरवणाऱ्या कंपनीतली. तिच्यामागे एक पुरुष, जो काहीच बोलत नाही, ती बोलली की मान हलवतो. त्याचं नाव मी होयबा ठेवलं. भिंगरीने गाणं कुठेतरी पाठवलं होतं म्हणे, ते यांच्या कानावर पडलं. चष्मेबाईंनी माझे दोन्ही हात धरले, "आजी, काय आवाज आहे! अंगावर काटा आला." होयबाने मान हलवली. किती गोड माणसं!

भिंगरी त्यांना आत घेऊन गेली, दार लावलं. बाहेर ऐकू येत होतं. त्यांना गाणं इतकं आवडलं, इतकं आवडलं, की तीच एक ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. माझा तो सूर आला की थांबवायचे, काहीतरी बोलायचे, परत लावायचे. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी, म्हटलं रंगात आलेत, मोडू नये. चहा निवला.

जाताना चष्मेबाई म्हणाल्या, भिंगरीत गुण आहेत, कदाचित कंपनीतच घेतील. सूनबाईने त्यांना जिन्याखालपर्यंत पोचवलं. मला कधी दारापर्यंत पोचवलं नाही.

रात्री जेवताना भिंगरी भात नुसता चिवडत होती. म्हटलं, "काय गं, पसंत पडलं ना?"

"पडलं. फक्त... जरा स्वच्छ करून मागितलंय."

"मग कर की. माझ्या शिंका काढून टाक."

ती ताटातच बघत होती. "हो, शिंका काढते."

सोमवार, १९ मार्च

शिंपीभाऊंना दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"स्वच्छ करून म्हणजे?"

"शिंका, खोकला, ते काढतात हो. घर झाडतात तसं."

"बरं," म्हणाले. मग तर्जनीच्या नखाने एका कापडाला घडी मारली. "तुमचा शब्द आहे म्हणून विचारत नाही, ताई."

"विचारू नकाच," मी म्हटलं. कशाला विचारायचं? मी आहे ना.

मंगळवार, २७ मार्च

भिंगरीने मला नव्या सपाता आणल्या, आत लोकर. वाढदिवस नाही, काही नाही. पोर मायाळू आहे. पण हल्ली कानांवर ते मोठे गोळे लावून काम करते, गाणं बाहेर सोडत नाही. "तयार झालं की एकदम ऐक," म्हणते.

आज चहा द्यायला गेले तर पडद्यावर माझा आवाज होता. आधी ओढा होता ना, आता विटा. एकीपुढे एक, सरळ, चौकोनी, नीट रचलेल्या. मी म्हटलं, "किती छान रचलंयस गं! आवाजाला भिंत बांधलीस." तिने झटक्यात पडदा बंद केला आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून बाथरूममध्ये गेली. किती वेळा सांगितलंय, त्या उजेडाकडे एवढं बघू नकोस.

सोमवार, ९ एप्रिल

आज लागणार होती. जाहिरात. कशाची, तर गादीची. मला हसू आलं. पण म्हटलं अंगाई झोपेचीच असते, गादी काही वाईट नाही. शिंपीभाऊंना मीच बोलावलं. कोट घालून आले. यावेळी बिस्किटांचा मोठा पुडा आणून ठेवला होता. भिंगरी म्हणाली तिला बाहेर काम आहे. मी म्हटलं, अगं तुझंच गाणं, तर चपला घालून गेलीसुद्धा.

बातम्या थांबल्या, एक बाई पांढऱ्या गादीवर पडली, आणि माझा आवाज! खरंच माझा. मी शिंपीभाऊंचा हात धरला. मग तो सूर यायची जागा आली. आणि आवाज तिथून तसाच पुढे गेला. पायरीवर पाय, पुढच्या पायरीवर पाय. मला वाटलं टीव्हीत बिघाड. मग सेतार वाजली, तीही तशीच, पायरी पायरी. शिंकावं एवढ्यात संपलं.

सूनबाई टाळ्या वाजवत होती.

शिंपीभाऊ हळूच म्हणाले, "नख माझंच आहे. सूर कोणाचा आहे?"

मग उठले. बिस्किटाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "थांबा हो, ती आली की विचारते, मशीनमध्ये काहीतरी बिघडलं असेल." ते म्हणाले, "ताई, मशीन एवढं नीट बिघडत नाही."

ते गेल्यावर जाहिरात परत लागली, ती दर थोड्या वेळाने लागतेच. मी आवाजाबरोबर आवाज मिळवून बघितला. माझा गळा आपल्या जागी गेला, आणि टीव्हीतली मी वेगळीच. दोघी एकमेकींवर आपटलो. सूनबाई सहज म्हणाली, "आई, तुम्ही चुकताय."

माझ्याच आवाजात मी चुकतेय.

मंगळवार, १० एप्रिल

भिंगरीला समोर बसवलं. भांडायचं नव्हतं मला. मी म्हटलं, "सांग, कोणी केलं? त्या चष्मेवालीने तुला न विचारता केलं असेल, तर मी तिच्या झिंज्या धरून—"

"मी केलं, आजी."

किती सरळ बोलली.

"त्यांना ते चुकल्यासारखं वाटत होतं. आईलासुद्धा वाटलं. सगळ्यांना वाटतं. ते म्हणाले, सूर नीट केले तर घेतो, नाहीतर दुसऱ्या कोणाचं घेतो. एकेक वीट ओढायची फक्त. मी चार दिवस केलं नाही. मग केलं."

"आणि शिंपीभाऊ?"

"त्यांना कुठे टीव्ही बघायची सवय आहे, वाटलं कळणार नाही." मग म्हणाली, "आणि आजी, तूसुद्धा पडदे सरकवले होतेस ना? तेव्हा ते हसले."

मी सांगितलं, "मला कळत नव्हतं गं. तुला येत होतं."

त्यावर ती रडायला लागली. एरवी मी पदर पुढे केला असता. बसून राहिले. परक्याने केलं असतं तर भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, चार जणांत सांगून मोकळी झाले असते. आपल्याच माणसाने केसाने गळा कापला की ओरडायचं कोणाकडे? ज्या पोरीला मी या सुरावर निजवलं, तिलाच माहीत होता तो कुठे आहे. म्हणून तर तिला बरोबर सापडला.

शुक्रवार, १३ एप्रिल

दुकानात गेले. कॉलर उलटून घ्यायला माझा जुना कोट दिला होता, त्याचं निमित्त. एरवी कपडा हातात देताना शिंपीभाऊ चार गोष्टी सांगतात, नव्या गिऱ्हाइकाच्या पोटाची नक्कल करतात. आज कोट कागदात बांधून तयार, वर टाचणी.

"आपला कोट तयार आहे, बाई."

बाई.

मी म्हटलं, "शिंपीभाऊ, मला खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणूनच शब्द तुमच्याकडे मागायला नको होता. जिच्या हातात सूर होता, तिच्याकडे मागायला हवा होता. चूक माझी."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. कात्री उचलली आणि कापड कापायला लागले. तेव्हा दिसलं, तर्जनीचं नख कापलेलं. इतर नखांसारखंच, आखूड, नीट.

घरी येईपर्यंत ते पुडकं छातीशी धरून आले. कॉलर काय सुंदर उलटली आहे, टाका दिसत नाही.

बुधवार, १८ एप्रिल

काही विशेष नाही. जाहिरात दिवसभर लागते. खालचा दूधवाला ती शिट्टीवर वाजवतो. लोक जिन्यात थांबवून सांगतात, आजी, काय गोड गाता! मी हो म्हणते.

ती लागली की मीही आता तिच्याबरोबर गुणगुणते. आधी आपटायचे, आता नाही आपटत. सोपं आहे. पायरीवर पाय ठेवायचा, खाली बघायचं नाही.

माझा सूर आहे. काल बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून म्हटला. भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून नळ.

भिंगरीशी बोलते, जेवायला वाढते, सगळं करते. तिने काल माझ्या बोटांना तेल लावून दिलं. लावून घेतलं. सपाता मात्र तशाच खोक्यात आहेत, पाय गार पडतात तरी.

सोमवार, २३ एप्रिल

आज चष्मेबाई आणि होयबा पुन्हा आले. यावेळी पेढे काय, फुलं काय! कौतुकाने ओथंबलेल्या. "आजी, गादीवाले म्हणतात हा आवाज सोडायचा नाही. उशी येतेय, पांघरूण येतंय. अजून अंगाया हव्यात. आणि तुमच्या नातीची खुर्ची आमच्याकडे तयार आहे. आजी गाणार, नात बांधणार, किती सुंदर!" होयबाची मान हलून हलून मोडायची वेळ आली. सूनबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या तोंडात तिच्या घराची किल्ली आहे.

भिंगरी दाराशी उभी होती. एकदम म्हणाली, "एक अट आहे. यावेळी आजीच्या आवाजाला कोणी हात लावायचा नाही. सूर जिथे असेल तिथेच राहील. नाहीतर मला ती खुर्ची नको."

सूनबाईने डोळे मिटले. चष्मेबाई गोड हसल्या. "अगं, आधी ऐकू तर दे. आजी, एक ओळ? इथेच, सहज."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. भिंगरी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. लहानपणी खेळणं मोडून परत जोडून आणायची आणि उभी राहायची, तसं.

मी खाकरले आणि गायले. आईची दुसरी अंगाई, जी टीव्हीवर कधी लागली नाही. तिच्यातही तीच जागा येते. मी जागेवर आले, आणि पायरीवर पाय ठेवला. पुढच्या पायरीवर पाय ठेवला. वीट, वीट, वीट.

"वा!" चष्मेबाई ओरडल्याच. "यात तर दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही!"

आणि होयबा, जो आजवर एक अक्षर बोलला नव्हता, तो म्हणाला, "सुरेल."

सूनबाईने त्यांना परत खालपर्यंत पोचवलं. भिंगरी होती तिथेच उभी.

"आजी, असं का गायलीस? मी सांगितलं होतं ना त्यांना. मी अट घातली होती."

"पण आता हात लावायचं काही राहिलंच नाही ना. खुर्ची पक्की झाली तुझी."

"तो सूर कुठे गेला?"

"आहे की."

"मग गा ना. मला एकटीला. हे बघ, काही चालू नाही, काही नाही माझ्याकडे." तिने दोन्ही हात उघडून दाखवले. फोन बाहेर ठेवून आली होती. माझ्या गुडघ्याशी येऊन बसली, डोकं मांडीजवळ आणलं, पण टेकवलं नाही.

मी म्हटलं, घसा बसलाय.

घसा काही बसला नव्हता. ती जन्मल्यापासून तिने गा म्हणावं आणि मी गाऊ नये, असं आजवर झालं नव्हतं. तिने उठून माझ्यासाठी कोमट पाणी आणलं, मीठ घालून. मी गुळण्या केल्या.

पाहुणे गुरुवारी परत येतो म्हणालेत, अकराच्या सुमाराला.